पाव्हण्याच्या हातची पानं

माझ्या नणंदेच्या मुलाचं, गेणूचं, जावळ काढलं ते साल एकोणीसशे छत्तीस. जावळ मामाच्या मांडीवर काढतात, म्हणून आमच्या मालकांना जावंच लागलं. नाहीतर निमगाव केतकीचा आपला पानमळा सोडून महिपतराव कुठं जाणारा माणूस नव्हता. माझ्या माहेरी आले तरी संध्याकाळी परत. वेलींना पाणी कोण देणार, म्हणायचे.

नणंद म्हणजे सिंधू. मी तिला वन्सं म्हणायची. सासूसासरे लवकर गेले, तेव्हा तिला मीच न्हाऊमाखू घालून वाढवली. तिचं लग्न भोरच्या पलीकडं, घाटाच्या कुशीतल्या उंबरधार नावाच्या वाडीत लावून दिलं. तिचा सासरा तांदळाची गाडी घेऊन बारामतीच्या बाजाराला यायचा, त्या ओळखीतून सोयरीक जमली होती. आमच्या आळीतल्या बायका म्हणाल्या, पोर डोंगरात टाकली, नाचणी खाऊन वाळेल. मलाही तसंच वाटलं. आणि तसं वाटून जरा बरंही वाटलं, कारण मालकांचा सगळा जीव त्या बहिणीवर होता. माझ्या वाट्याला जे उरायचं ते मी मोजून घेत होते.

पानमळ्याचे कष्ट ज्यानं केले त्यालाच ठाऊक. नागवेलीला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही. पाणी कमी पडलेलं सोसत नाही आणि साचलेलंही सोसत नाही. आमच्याकडं वरून आग आणि खाली मुरूम. तरी मालकांनी शेवरी आणि पांगारा दाट लावून सावली धरली होती, पश्चिमेला ज्वारीच्या ताटांचा कूड उभा केला होता, आणि एकेक वेल लव्हाळ्यानं शेवरीला बांधत वर चढवली होती. आत जाताना पायताण बाहेर काढायचं. आत पाऊल टाकलं की अंगाला गार लागायचं. रस्त्यानं जाणारे लोक चुन्याचं, तंबाखूचं निमित्त काढून आत यायचे आणि नुसते उभे राहायचे. अख्ख्या शिवारात तेवढाच तुकडा उन्हाळ्यात हिरवा. विहिरीचं पाणी खाली गेलं आणि मोट रिकामी यायला लागली की आत उतरून हंड्यानं पाणी काढून वेली जगवणारी मी. माझ्या तळहातांवर दोराचे वळ अजून आहेत.

नीरेचा कालवा आमच्या शिवाराच्या खालच्या अंगानं जायचा. खालचे लोक ऊस करायचे, आम्ही वरून बघायचो. पाणी काही वर चढत नाही. जावळाच्या आदल्या उन्हाळ्यात वारा असा सुटला की पश्चिमेचा कूड उडाला, आणि एका दुपारीत मळ्याची अर्धी बाजू करपून गेली. मालक त्या रात्री जेवले नाहीत. त्यानंतर कालव्याकडं पाठ करून बसायची त्यांना सवय लागली.

उंबरधारच्या देवीची जत्रा चैत्रात असते, जावळ तेव्हाच ठरलं होतं. बारामतीपर्यंत बैलगाडी, तिथून मोटार, पुन्हा बैलगाडी आणि शेवटी पायवाट असं आम्ही गेलो. वाडी लहानच. वाडीच्या वर, डोंगराच्या खोबणीत, देवीची राई. देवाच्या नावानं राखलेलं रान ते. वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नसे. लांबून ती काळी दिसायची. आत शिरले आणि मला वाटलं, मागं कुणीतरी दार लोटलं. ऊन बाहेरच राहिलं. जांभळी, अंजनी, रानफणस. झाडं अशी की चौघांनी हात धरले तरी कवेत येऊ नयेत. त्यांच्यावरून गारंबीची वेल गेलेली, माणसाच्या मांडीएवढी जाड. पायाखाली पाचोळा गादीसारखा दबायचा, आणि तो बाजूला केला तर खाली ओल. चैत्रात ओल! डोक्यावरून मोठ्या चोचीचा एक पक्षी गेला, त्याच्या पंखांचा आवाज करवत चालवावी तसा. देवीच्या शिळेच्या पायाशी झरा, आणि झऱ्याचा पाट थेट वाडीत उतरलेला.

मालक एका झाडापाशी थांबले. त्या झाडावर एक वेल चढली होती. पान थेट नागवेलीसारखं. जरा लहान, जरा काळपट, पण सख्खी बहीण म्हणावी. मालकांनी एक पान दोन बोटांत धरलं आणि मान वर केली. वेल वर गेली होती, आणखी वर गेली होती, आणि पुढं कुठं गेली ते दिसत नव्हतं.

"ही कुनी लावली?" त्यांनी विचारलं.

जयवंता, सिंधूचा नवरा, बाजूला उभा होता. उंच, मोकळा माणूस, बोलता बोलता हसणारा. तो म्हणाला, "लावतंय कोन, महिपतराव? रानमिरी ती. आपली आपन येती."

"बांधतंय कोन?"

"बांधायला काय म्हैस हाय व्हय?"

सगळे हसले. मालक हसले नाहीत. "आन् पानी?"

"धुकं उतरतं, दव पडतं. पावसाचं पानी ही झाडं धरून ठेवत्यात, आन् वरीसभर खाली सोडत्यात. तुमी म्हनं तितं वेलीच्या उशाला बसून ऱ्हाता, बाळंतिणीगत. आमी निजलो तरी हितलं रान वाढतंय बघा!"

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. सोयऱ्याची थट्टा करायची रीतच आहे. पण मालकांचा चेहरा मी पाहिला. भरल्या पंगतीत एखाद्याच्या पानात काही न वाढता वाढपी पुढं जावा, तसा झाला होता.

गेणूचं जावळ त्याच झाडाखाली झालं. मामाच्या मांडीवर पोर रडलं, न्हाव्यानं केस उतरवले, सिंधूनं ते वाटीत धरून झऱ्यात सोडले. मग ती मला म्हणाली, "वैनी, या की, पानी बघा आमचं." पाटात तिनं हंडा नुसता आडवा धरला. भरला. दोर नाही, कप्पी नाही, वाकून कंबर धरणं नाही. तिच्या तळहाताला हात लावून पाहिला मी, सहज म्हणून. मऊ होता. रंगानंही ती उजळली होती. नाचणीनं कुणी वाळलं नव्हतं. माझ्या घरी वाढलेली पोर, माझ्या हातचं खाल्लेली, आणि तिचा हंडा असा भरतो. माझ्या मनात जे उठलं त्याला मत्सर म्हणतात, हे सांगायला मला कुणाची गरज नव्हती.

"उन्हाळ्यात बी एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. राई हाय तवर झरा हाय," ती म्हणाली. "आमच्या सासूबाई म्हनायच्या, राई गेली की वाडी उठली समजा. दुसरं पानी पार खाली डोहात हाय, तितं ढोरं डुंबत्यात."

परतीच्या वाटेवर बारामती जवळ आली, उजाड माळ सुरू झाला, तसे मालक एकदम म्हणाले, "अगं, त्यांनी काय केलं?"

"कुनी?"

"त्यांनी. काय केलं म्हनून त्यांना एवढं? आमी जलमभर वेली बांधल्या. त्यांनी काय बांधलं?"

मला स्वतःलाच तो प्रश्न पडला होता.

राई बघून आल्यावर आमचा मळा मला हातरुमालाएवढा दिसायला लागला. मालकांनाही दिसत असावा. पूर्वी काम संपलं तरी ते आत बसून राहायचे, ते बसेनासे झाले. कुणी मळ्याची तारीफ केली तर म्हणायचे, "ह्याला काय बघता? घाटात जावा." असं म्हणताना त्यांच्या आवाजात कौतुक नसायचं. शेजाऱ्याचं पोर शहाणं निघालं की आई-बाप ज्या आवाजात बोलतात, तो आवाज.

बारामतीला आबासाहेब म्हणून एकांची लाकडाची वखार होती. पानांच्या पाट्या बाजारात उतरवल्या की मालक त्यांच्या ओट्यावर टेकायचे. कालव्याखाली ऊस वाढला तशी नवी घरं वाढली, वीटभट्ट्या वाढल्या. लाकूड आणि कोळसा कितीही आला तरी खपत होता, आणि आमच्याकडच्या बाभळी तर संपत आल्या होत्या. आबासाहेबांनी उंबरधारच्या आजूबाजूचा डोंगर तोडायला घेतला होता. त्यांना राई हवी होती. सगळ्यात जाड लाकूड तिथं. पण कुऱ्हाड चालवणारी माणसं तिथलीच, आणि देवीनं हो म्हटल्याशिवाय राईत कुऱ्हाड न्यायला त्यांतला एकही तयार नव्हता.

"देवीला इचारा मंग," मालक म्हणाले.

"विचारणार आहे. पुढच्या जत्रेत कौल लावायचा ठरलाय," आबासाहेब म्हणाले. "देवळाला पत्र्याचं छप्पर कबूल केलंय मी. पण देवीचं काय सांगावं, महिपतराव? आजवर बहुतेक नाहीच म्हणत आलीय म्हणतात."

हे मालकांनी घरी येऊन मला सांगितलं, आणि कौलाची रीतही सांगितली. ती त्यांनी जयवंताकडून ऐकली होती. देवीच्या शिळेवर दोन पानं झऱ्याच्या पाण्यानं ओली करून चिकटवतात, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवं आधी पडलं तर हो, डावं आधी पडलं तर नाही. कौल पडेपर्यंत कुणी उठायचं नाही, खायचं प्यायचं नाही. आणि पानं राईतली चालत नाहीत. राईतलं पान राईचीच बाजू घेईल, म्हणून ती बाहेरची लागतात, पाव्हण्याच्या हातची. पाव्हणा आपल्या उजव्या हातातलं पान गुरवाच्या उजव्या हातात देतो, डाव्या हातातलं डाव्यात. या वेळी पाव्हणा कोण हे निराळं ठरवायची गरज नव्हती. पानमळेवाला मेव्हणा असताना दुसऱ्याकडं कोण जाईल?

फाल्गुनात एके दिवशी मी विहिरीवर गेले तर मालक मोटेच्या बैलांच्या उताराजवळ, धावेजवळच्या दगडापुढं बसलेले. दगडावर दोन ओली पानं चिकटवलेली, आणि हे टक लावून बघतायत.

"काय चाललंय? दगडाला विडा खाऊ घालताय व्हय?"

"गप. हल नगंस. वारा येतो."

मी उभी राहिले. थोड्या वेळानं कोवळ्या पानाची कड सुटली, ते मुरडलं, आणि टपकन खाली पडलं. दुसरं पान जून होतं, जाड. ते तसंच चिकटून होतं.

"बघितलंस?" मालकांचे डोळे चमकत होते. "सकाळपासनं लावतोय. दर वक्ताला कोवळंच पडतं. कोवळं सुकतं बिगी. उजव्या हातात कोवळं द्यायचं, बास."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी विचारलं, "आबासाहेब काय देनार तुमाला?"

"कायबी न्हाय. मी मागितलं बी न्हाय."

"मंग कशापायी?"

"मला ती राई उघडी पडल्याली बघायची हाय. लागू दे तिला ऊन. मंग बघू, निजल्यावर कसं रान वाढतंय."

"वन्संचं पानी हाय त्या राईत."

"हितं बी पानी हाय," मालक म्हणाले. "काढावं लागतं."

वन्संच्या बाजूनं आणखी बोलायचं माझ्या ओठावर होतं. पण 'काढावं लागतं' हे मला इतकं पटलं की पुढचं बोलणं निघालंच नाही.

सदतीस सालच्या चैत्रात आम्ही पुन्हा उंबरधारला गेलो. पाटीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं होती. सिंधूनं आमचे पाय धुतले. ती घाबरलेली होती. "दादा, तुज्या हातची पानं हायत म्हनून मला धीर हाय," ती म्हणाली. "तू चांगली आनली असशील." मालकांनी गेणूला उचललं आणि त्याच्या पोटात तोंड खुपसलं, म्हणजे तिच्याकडं बघावं लागू नये.

सकाळी सगळी वाडी राईत जमली. आबासाहेब एका मुळावर पंचा घालून बसले होते, हातात घड्याळ. सिद्धू गुरवानं शिळा धुतली. मालकांनी उजव्या हातातलं पान त्याच्या उजव्या हातात दिलं, डाव्यातलं डाव्यात. कोवळं उजवीकडं लागलं, जून डावीकडं. सिद्धूनं गाऱ्हाणं घातलं, "आई, ह्यो मानूस तुजी झाडं मागतोय. द्यायची असतील तर उजवं दे, न्हाय तर डावं दे," आणि सगळे गप्प बसले.

निमगावला भाकरी भाजून होईपर्यंत पान पडायचं. इथं भाकरी झाली असती, जेवण झालं असतं, भांडी घासून झाली असती. पानं जागची हलली नाहीत. मी ह्यांच्याकडं बघत होते. मालक पानाकडं बघत होते. कोवळं पान सुकायचं राहिलं बाजूला, ते उलट टवटवीत दिसायला लागलं, आत्ताच वेलीवरनं खुडल्यासारखं. झऱ्याचा गारवा शिळेवर येत होता. वरच्या पानांतून थेंब गळत होता, कुठून कोण जाणे. माझ्या पदराची कडसुद्धा दमट झाली होती. निमगावच्या फुफाट्यात केलेली पारख ह्या राईत चालत नव्हती, आणि ते मालकांना माझ्या आधी कळलं असणार, कारण त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्या गारव्यात, त्यांना एकट्यालाच.

लेकरं भुकेली होऊन रडली, झोपली. आबासाहेबांनी घड्याळ खिशात घातलं. मग दुपार कलल्यावर डावं पान, ते जाड, जून पान, स्वतःच्या वजनानं सरकायला लागलं. गोगलगाय सरकते तसं. शिळेच्या टोकाशी आलं, लोंबलं, आणि पडलं.

"न्हाय म्हनली!" सिद्धू ओरडला. "आई न्हाय म्हनली!"

ढोल वाजला. बायका उठून एकमेकींच्या गळ्यात पडल्या. जयवंतानं मालकांना मिठी मारली, "महिपतराव, पान बघा तुमचं! तितं बांधावं लागतंय म्हनं, हितं येऊन आमची राई बांधून गेलं!" आणि सिंधू गुळाचा खडा घेऊन धावत आली, भावाच्या तोंडाला लावला. "दादा, तू राखलीस. तुज्या हातच्या पानानं राखली."

तिनं ते म्हटलं नसतं तर मालक गप्प राहिले असते, असं मला वाटतं. हरलेलं पचवता आलं असतं. पण ज्याचा हेवा केला, तेच आपल्या हातून आणखी मोठं झालं आणि वर त्याचे आभारही घ्यायचे, हे त्यांना गिळवलं नाही. गूळ थुंकून टाकला त्यांनी.

"देवी कुठली आलीय!" ते ओरडले. "पान जून हुतं म्हनून पडलं! मी निवडून आनली पानं. कोवळं पडावं म्हनून आनली हुती. हितल्या ओलीनं घात केला. त्यात देवी न्हाय न् काय न्हाय, ओल हाय नुसती!"

ढोल थांबला. सिंधू गूळ भरवलेला हात तसाच पुढं करून उभी होती.

जयवंता हळूच म्हणाला, "काय बोलताय, पाव्हणं? राई तुटावी म्हनून आनली पानं?"

मला वाटलं, आता लोक मारतील ह्यांना. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण मागून भामाबाई उठली. म्हातारी, विधवा, काठी टेकत पुढं आली. मालकांकडं तिनं पाहिलंही नाही. ती सिद्धू गुरवापुढं उभी राहिली.

"सिद्धू, माझं घर वाकलं हुतं. एक वासा मागितला हुता मी ह्या राईतला. कौल लावलास. आई न्हाय म्हनली. पावसात घर बसलं, माजी सून खाली गावली. ती बी पानाचीच करनी व्हती का?"

सिद्धू म्हणाला, "आत्याबाई, तवा पानं दुसऱ्यानं..."

"जून व्हती का कोवळी?"

मग दुसरा उठला. त्याला नांगराला लाकूड मिळालं नव्हतं. तिसऱ्याला पोरीच्या लग्नाच्या मांडवाला मेढी मिळाल्या नव्हत्या. देवीचा शब्द म्हणून प्रत्येकानं काही ना काही सोसलेलं होतं, आणि ते सगळं आता वर आलं. पुन्हा कौल लावा, कुणी म्हणालं. कुणाच्या पानांनी, दुसऱ्यानं विचारलं. आबासाहेब मुळावरून उठले, पंचा झटकला आणि काही न बोलता खाली उतरले. त्यांना आता बोलायची गरज उरली नव्हती.

आमची पाटी सिंधूनं उंबऱ्याबाहेर आणून ठेवली, आणि आम्ही निघालो.

पहिलं झाड भामाबाईच्या मुलानं तोडलं, असं पुढं कळलं. दसऱ्यानंतर. एकच वासा न्यायचा म्हणून तोडलं. तो नेताना काही झालं नाही, साप चावला नाही, ताप आला नाही. मग दुसऱ्यानं नेलं. जयवंतानं आडवं पडून पाहिलं, तर त्याला म्हणाले, "तुज्याच मेव्हण्यानं सांगितलं की, देवी न्हाय म्हनून." दिवाळी झाली तसे आबासाहेबांचे लोक आले, जाड लाकूड गाड्यांवर चढलं आणि उरलेलं सगळं कोळशाच्या भट्ट्यांना गेलं. भट्ट्यांचा धूर उन्हाळ्यापर्यंत डोंगरावर होता म्हणतात. त्या लाकडाच्या गाड्या बारामतीला वखारीत उतरायच्या. आमची पानं घेऊन मालक बाजारात जायचे, त्या वाटेवरच वखार होती. ते लांबून वळसा घालून जायला लागले.

अडतीसच्या चैत्रात ते म्हणाले, "चल, बघून येऊ." मी गेले. त्यांना जे बघायचं होतं ते मलाही बघायचं होतं.

राईच्या जागी नुसती खोडं होती, आणि ऊन. आमच्याकडं असतं तेच ऊन, तसंच पांढरं. पाचोळा वाळून चुरा झाला होता, पाय टाकला की धुरळा उडायचा. ती रानमिरीची वेल जमिनीवर पडली होती. वाळली होती, पण किती लांब होती ते आता दिसत होतं. मालक तिच्या बाजूनं चालत गेले, चालत गेले, आणि टोकापाशी जाऊन उभे राहिले. तिथं ते हसतील असं मला वाटलं होतं. ते खाली बसले आणि वेलीचं टोक हातात घेऊन तिला शेवरीला बांधताना धरतात तशी, अंगठ्यानं दाबून, धरून राहिले.

शिळेच्या पायाशी ओल होती. झरा नव्हता.

आम्ही सिंधूच्या दारात गेलो. पाव्हण्याला गूळपाणी द्यायची रीत तिनं मोडली नाही. गूळ ठेवला. म्हणाली, "पानी डोहातनं आनावं लागतं, दादा. बस. आनते."

ती हंडा घेऊन उतारानं खाली गेली. आम्ही ओट्यावर बसून राहिलो. गेणू आमच्याकडं बघत होता, ओळखत नव्हता. फार वेळानं ती वर येताना दिसली. डोक्यावर हंडा, मान ताठ, एक हात कमरेवर, वाटेत एकदा थांबून दम घेतलेला. माझ्या मनात त्या वेळी पहिलं काय आलं ते लिहिते: आता झाली माझ्यासारखी. आणि ते मनात येऊन मला आनंद झाला नाही. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते समोर आलं होतं, आणि त्याची चवच लागेना.

तिनं तांब्या भरून भावापुढं ठेवला. पाणी गढूळ होतं. मालक ते सगळं प्याले.

"वन्सं, चला की आमच्याकडं," मी म्हणाले. "उन्हाळाभर."

"कशाला?" ती म्हणाली. "तितं बी काढावंच लागतं."

हे शब्द तिला कुणी सांगितले होते, की तिचे तिलाच सुचले, मला माहीत नाही. मालकांनी मान वर केली नाही. निघताना त्यांनी ओवाळणी घालावी तसा हात पुढं केला, तिनं आपले हात पदराखाली घेतले.

पुढच्या उन्हाळ्यात जयवंता निमगावला आला. वारा सुटलेला होता. तो मळ्याच्या बाहेर उभा राहिला, पायताण काढलं नाही, आत आला नाही. मालक आत वेली बांधत होते. त्यांनी हाक मारली, "या, पाव्हणं." जयवंता कुडाच्या पलीकडूनच बोलला. वाडी उठली होती, लोक पोटापाण्यासाठी खाली पांगले होते. डोहाचं पाणी आटून हिरवं झालं होतं, मागं उरलेली माणसं आणि ढोरं तेच पीत होती, आणि त्यातून पटकी लागली. भामाबाई गेली, सिद्धू गुरवाची दोन लेकरं गेली. गेणूला त्यानं आपल्या बहिणीकडं पोचवला होता, तो वाचला. मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाले. त्यानं तो घेतला नाही. जे सांगायला आला होता ते सांगितलं आणि उलट्या पावली गेला.

माझी नणंद सिंधूबाई एकोणीसशे एकोणचाळीस सालच्या वैशाखात, उंबरधारला, पटकीनं वारली.